पाच चाळीसचं पार्सल

तिसरी उशी वर ठेवली तरी पार्सल वाजतच होतं. मिस्त्रीने चौथी उशी बायकोच्या डोक्याखालून काढून घेतली, तेव्हा ती उठून बसली. आधी तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पलंगाच्या पायथ्याशी रचलेल्या उशांच्या ढिगाकडे.

“काय वाजतंय ते?”

“दादाची नाताळची भेट.”

“जुलै चालू आहे.”

“म्हणून तर अजून आपल्याकडे आहे.”

बरोबर एक मिनिट वाजून पार्सल आपोआप गप्प झालं. मिस्त्रीने उशा एकेक करून उचलल्या आणि खालचा चौकोनी, निळ्या कागदातला डबा दोन्ही हातांत धरून कपाटाकडे निघाला. झोपलेलं मूल उचलून न्यावं तसा तो चालत होता, फक्त मूल आधी रडून मग झोपलेलं होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याच्या धंद्यात डिसेंबर म्हणजे युद्धाचा महिना. माणसं लिफ्टमध्ये नाताळची झाडं कोंबायची, खोकी कोंबायची, आणि दार लागत नाही म्हणून दाराला लाथ मारायची. मागच्या डिसेंबरात एका लिफ्टच्या दारात अडकलेला लाकडी घोडा सोडवायला त्याला तीन तास लागले होते. घोड्याला काही झालं नाही, लिफ्टला झालं. त्यामुळे घरच्यांच्या भेटींची यादी तो मे महिन्यात करायचा, जूनमध्ये खरेदी करायचा आणि जुलैच्या तिसऱ्या रविवारी सगळं कागदात बांधून मोकळा व्हायचा. कोपरे स्टीलच्या पट्टीने मोजून दुमडलेले, चिकटपट्टीचा प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा. कपाटाच्या दारावर आतून त्याच्या अक्षरात सूचना चिकटवलेली होती: बांधलेली वस्तू पुन्हा उघडू नये. हलवून पाहू नये. क्षमता चौदा नग.

दादाचं सगळं याच्या उलट. मिस्त्रीचा हा थोरला भाऊ चोवीस डिसेंबरला संध्याकाळी घराबाहेर पडायचा आणि जे दुकान उघडं दिसेल त्यातून सगळ्यांच्या भेटी घ्यायचा. एका वर्षी फक्त पेट्रोल पंप उघडा होता. त्या वर्षी मिस्त्रीच्या बायकोला गाडीचा वायपर मिळाला. एकच. त्यांच्याकडे गाडी नव्हती.

यंदा यादीत दादाच्या नावापुढे गजराचं घड्याळ होतं. दोन घंटांचं, मध्ये हातोडी असलेलं. “हे घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही,” असं दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या आणि मिस्त्रीने ती स्तुती समजून घड्याळ घेतलं होतं. तपासल्याशिवाय वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, या त्याच्या सवयीने त्याने सेल घातले, दादाच्या उठण्याची वेळ लावली, गजर वाजवून पाहिला, समाधानाने मान हलवली आणि डबा बांधला. तपासून झाल्यावर मागचं बटण बंद करायचं असतं, हे त्याला सोमवारी पहाटे पाच चाळीसला आठवलं.

“उघड आणि बंद कर,” बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिच्या बोलण्यात नेहमीच, वाचा बघू खालची ओळ, असा सूर असायचा.

मिस्त्रीने दारावरच्या सूचनेकडे बोट केलं.

“सूचना तूच लिहिलीस ना?”

“म्हणूनच मोडता येत नाही. दुसऱ्या कुणाची असती तर विचार केला असता.”

“मग दादांना आत्ताच देऊन टाक. गरज आत्ता आहे त्यांना.”

हे खरं होतं. जूनपासून दादा शाळेची बस चालवत होता. पहिल्या महिन्यात दोनदा तो झोपून राहिला आणि बत्तीस मुलं आपापल्या थांब्यावर दप्तरं घेऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरी नोकरी बघा, असं शाळेने त्याला सभ्य भाषेत लिहून कळवलं होतं.

“यादीत नाताळ लिहिलंय,” मिस्त्री म्हणाला.

बायकोने आपली उशी परत घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मिस्त्रीने डबा कपाटात जागेवर ठेवला. उठलोच आहोत तर, असं म्हणून त्याने दादाला फोन लावला.

“उठलास का?”

“कोण मेलं?”

“कुणी नाही. पाच त्रेचाळीस झालेत.”

“मग ठेव ना फोन, छोट्या,” दादा म्हणाला, पण पलीकडे पलंग करकरलेला ऐकू आला. मिस्त्री शेहेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याला छोट्या म्हणणारा आता हा एकच माणूस उरला होता. लहानपणी शाळेच्या वेळेला दादाच्या पायाचा अंगठा ओढून त्याला उठवण्याचं काम धाकट्याकडे असायचं. अंगठा आता शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, एवढाच फरक.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. पाच चाळीसला पार्सल वाजायचं, मिस्त्री उठायचा, दादा फोनवर त्याला शिव्या घालायचा आणि बस वेळेवर निघायची. कधी दादा चहा ठेवता ठेवता दहा-दहा मिनिटं बोलायचा. ऑगस्टपर्यंत मिस्त्रीची मुलगी झोपेतच, “बाबा, काकांची भेट वाजली,” असं सांगायला लागली, दूधवाला आल्याचं सांगावं तसं.

सप्टेंबरात टेबलाचं झालं.

आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तिची भाड्याची खोली सोडायची होती. तिचं आठ माणसांचं जेवणाचं टेबल दादाच्या घरी, सहाव्या मजल्यावर न्यायचं ठरलं. लिफ्टमध्ये ते बसत नव्हतं. मिस्त्रीने जाऊन माप घेतलं, लिफ्टच्या छताची झडप उघडली तर टेबल उभं बसतं आणि वर चार बोटं जागा उरते, असं कागदावर आकृती काढून दाखवलं, आणि रविवारी येतो म्हणाला. टेम्पो शुक्रवारी मिळाला. आयुष्यात एकही काम वेळेआधी न केलेल्या दादाने हे एक काम दोन दिवस आधी केलं. त्याने टेबल मधोमध करवतीने कापलं, एक अर्धं वर नेलं आणि दुसरं अर्धं त्याच टेम्पोने धाकट्याच्या घरी पाठवलं. वर चिठ्ठी होती: अर्धं तुझं.

मिस्त्रीने फोन केला.

“आईचं टेबल कापलंस.”

“लिफ्टमध्ये बसत नव्हतं.”

“रविवारी बसणार होतं.”

“तू आणि तुझा रविवार. आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हाही तू आधी यादी करत बसला होतास.”

त्यानंतर दोघांपैकी कुणी आधी फोन ठेवला हेही कळलं नाही. बहुतेक एकदमच ठेवला.

दोन पायांचं अर्धं टेबल हॉलमध्ये भिंतीला टेकवून उभं राहिलं. आठवडाभराने बायकोने कपाटातली यादी काढली.

“दादांचं नाव खोडायचं का?”

“पेनाने लिहिलंय,” मिस्त्री म्हणाला.

भांडणानंतरच्या पहिल्या सकाळीही पार्सलने आपलं काम चोख केलं होतं. मिस्त्री छताकडे पाहत पडून राहिला. एक मिनिट झालं. मग तो उठला, गॅलरीत गेला, दादाचा नंबर लावला, दोन रिंगा होऊ दिल्या आणि कापला. बोलायचं नव्हतंच. पण बसमधल्या बत्तीस मुलांपैकी एकानेही टेबल कापलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन रिंगा. तिसऱ्या दिवशीही. दादाने फोन एकदाही उचलला नाही, परत केला नाही, कुणाकडे काही बोललाही नाही. ऑक्टोबर संपला, नोव्हेंबर लागला. फोन पोचतो की नाही, की दादा तो गादीखाली घालून झोपतो, याचा मिस्त्रीला पत्ता लागेना. एकदा सकाळी साडेसहाला एका इमारतीत बाई अडकल्या म्हणून तो निघाला होता, तेव्हा चौकात शाळेची बस समोरून आली. अगदी वेळेवर. दादा स्टिअरिंग धरून ताठ बसला होता आणि सरळ पुढे पाहत होता. नवं घड्याळ घेतलेलं असणार, मिस्त्रीच्या मनात आलं. ताठ बसण्यावरूनच वाटत होतं.

तरी दुसऱ्या दिवशी त्याने दोन रिंगा दिल्याच.

“गॅलरीत रोज काय बघायला जातोस?” बायकोने एकदा विचारलं.

“हवा.”

“दोन रिंगांत कळते?”

मिस्त्रीने मोजे घालायला घेतले. बायकोने पुढची ओळ वाचायला सांगितली नाही.

डिसेंबरच्या चार तारखेला त्याला जाग आली ती फोनने. आदल्या दिवशी पाच लिफ्टमधून पाच झाडं काढली होती, अंग ठणकत होतं. खोलीत कुठे काही वाजलेलं नव्हतं. त्याने डोळे न उघडताच फोन कानाला लावला.

“किती वाजले?” पलीकडून प्रश्न आला.

मिस्त्री उठून बसला. “पाच त्रेपन्न.”

“मग?”

“मग काय?”

“फोन कुठाय?”

मिस्त्रीने कपाटाकडे पाहिलं. कपाट एखाद्या सज्जन कपाटासारखं गप्प होतं. “दादा, तू झोपून राहिलास का? बस…”

“मी कशाला झोपून राहतोय? साडेपाचला उठलो. रोज उठतो. दीड महिना झाला, आपोआप जाग येते.”

“मग फोन कशाला हवा?”

पलीकडे चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“फोन वाजला की त्याच्या उजेडात मोजे दिसतात,” दादा म्हणाला. “आज दोन वेगळे घातलेत. मुलं हसणार.”

“दिवा लावायचा.”

“दिवा लावला की झोप मोडते.”

मिस्त्रीने पाय पलंगाखाली सोडले.

“तुला बरं आहे ना?” दादाने विचारलं. आवाज असा होता, जणू हा प्रश्न मोज्यांबद्दलच होता.

“बरं आहे. उशीर झाला उठायला.”

“तुला?”

“मला.”

“हं.” दादाने घोट घेतला. “नाताळला जेवायला या सगळे. येताना तुझं अर्धं घेऊन ये. माझं भिंतीला टेकवलंय, पण भिंत सरळ नाही. सूप एका बाजूला जातं.”

“सहाव्या मजल्यावर?”

“लिफ्टमध्ये बसतं ते,” दादा म्हणाला. “मी करून बघितलंय. चल, मुलं उभी राहतील.”

फोन या वेळी दादाने आधी ठेवला.

मिस्त्री उठला आणि कपाट उघडलं. चौदा नगांमधून निळा डबा काढून तो हॉलमध्ये आला आणि अर्ध्या टेबलापाशी उभा राहिला. बायको आवाजाने बाहेर आली तेव्हा तो नखाने चिकटपट्टीचा पहिला तुकडा सोडवत होता. सारख्या लांबीचे तुकडे, एकामागून एक. कागद त्याने घडीवर घडी ठेवत बाजूला ठेवला. डबा, फोम, दुसरा डबा. घड्याळ पाच एकवीसला थांबलेलं होतं.

“सेल गेले,” तो म्हणाला.

“आणि सूचना?”

त्याने टॉर्चमधले सेल काढून घड्याळात घातले, काटे फिरवून वेळ जुळवली, गजर पुन्हा पाच चाळीसवर आहे ना ते पाहिलं. मग घड्याळ घेऊन तो झोपायच्या खोलीत गेला आणि आपल्या उशीशेजारच्या स्टुलावर ठेवलं. थोडं इकडे, थोडं तिकडे करून त्याने ते हाताला येईल असं बसवलं.

बायको दारात उभी राहून पाहत होती.

“ते दादांचं आहे ना? मग त्यांना काय देणार?”

“बघू,” मिस्त्री म्हणाला. “अजून तीन आठवडे आहेत.”

एकोणीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने या घरात पहिल्यांदाच ऐकलं. ती पुढे आली आणि हाताचा पंजा उलटा करून त्याच्या कपाळाला लावून पाहिला. ताप नव्हता.

मिस्त्रीने काटा फिरवून गजर एकदा वाजवून पाहिला. दोन्ही घंटा मिळून कपाटाच्या काचा थरथरल्या आणि आतल्या खोलीतून मुलगी झोपेतच म्हणाली, “बाबा, काकांची भेट वाजली.” त्याने समाधानाने मान हलवली, काटे जागेवर आणले, आणि मागचं बटण या वेळी आठवणीने चालूच ठेवलं.