दुसरं टोक

मी एक बाक आहे, आणि माझ्यामुळे दोघींची मैत्री तुटली.

सुताराने घाईत माझे पाय टोकांपासून फार आत ठोकले. कपडे शिवण्याच्या कारखान्यात आलो तो ही खोड घेऊनच. एका टोकावरचं माणूस अचानक उठलं की दुसरं धाडकन खाली! म्हणून माझ्यावर बसणाऱ्या दोघी आधी सांगायच्या, "धर गं, उठतेय."

एका टोकाला इस्त्रीवाली ताई, दुसऱ्या टोकाला काजं करणारी तिची मैत्रीण. बारा वर्षं जेवणाच्या सुट्टीत डबे माझ्यावरच उघडले. भांडणंही कडाक्याची झाली. पण रागाने तडक निघून जायची सोय नव्हती. एकीने "उठतेय" म्हटलं की दुसरी म्हणे, "बस, आधी माझं ऐक." आणि ती बसायची.

एकदा मुकादमाची हाक ऐकून ताई न सांगता उठली. मी कललो, काजवालीच्या अंगावर डबा सांडला. दोघी पोट धरून हसल्या, पण मुकादमाने मला कोठीत टाकून दोन खुर्च्या आणल्या. मी जरा तग धरला असता तर? अजून मन खातं.

पाळीच्या दिवसांत भरपगारी सुट्टी मागायची, हा विषय मग कारखान्याच्या ग्रुपवर निघाला. कोठीच्या उघड्या दारातून दिसत होतं, दोघी खुर्च्यांवर शेजारीच बसल्या होत्या, माना मोबाइलमध्ये. बाकीच्या मोठ्याने वाचत होत्या, म्हणून मला कोठीत ऐकू आलं.

"उभं राहून कंबर मोडते. सुट्टी आमचा हक्क आहे," ताईने लिहिलं.

"मग बायकांना कामावर घेणार कोण?" काजवालीने लिहिलं.

"मालकाची चमची!" ताईने लिहिलं.

त्यावर पटापट अंगठे आले. काजवाली उठली आणि गेली. कुणाला "धर" म्हणायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही.

तिची भीती मला ठाऊक होती. पूर्वी एकदा एकटीच माझ्या मधोमध बसून ती फोनवर लेकीला म्हणाली होती, "तुला इथेच कामाला लावते गं, जरा थांब." माझ्यावर बसून भांडल्या असत्या, तर हे तिने ताईलाही सांगितलं असतं. पण मी कोठीत.

आज ताई दोरा शोधत आत आली. दमून सवयीने आपल्या टोकाला टेकली. मी जीव तोडून सावरलं, तरी कललोच.

"धर गं!" ती ओरडली.

फरशीवर बसूनच तिने मोबाइल काढला. काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

ताई, लिहू नकोस. तिचं घर दोन गल्ल्यांपलीकडे आहे. तिच्यासमोर जाऊन बस, आणि तिचं सगळं ऐकल्याशिवाय उठू नकोस.