बाल्कनीतलं उत्तरायण

माझ्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीचं दार पहिल्यापासून खुळं आहे. वाऱ्यानं आपटलं की आतली कडी आपोआप पडते आणि घट्ट बसते. सुताराला सांगून आठ महिने झाले. ‘परमदिवसे आवीश, बेन,’ परवा येतो, हे तो इतक्या प्रेमानं म्हणतो की त्याच्याशी भांडताही येत नाही. तोवर मी दाराला वीट लावते. चौदा जानेवारीला सकाळी अकराच्या सुमारास मी वीट लावली नाही. विसरले असं म्हणणार नाही. दोनच टॉवेल वाळत घालायचे होते, आणि दोन टॉवेलांसाठी कोण वाकणार, असा विचार केला.

दुसऱ्या टॉवेलाला चिमटा लावत होते तेव्हा दार आपटलं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांसाठी चांगला वारा सुटला म्हणून सगळं बडोदं सकाळपासून खूष होतं, तोच हा वारा. मी दार ओढलं, ढकललं, खांद्यानं धक्का दिला. मग लक्षात आलं की आत गॅसवर खिचडीचा कुकर आहे.

मी तेहतीस वर्षं विमा कंपनीत होते. त्यातली अकरा वर्षं आगीचे दावे तपासले. ‘दावेदाराचा स्वतःचा निष्काळजीपणा’ हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत की झोपेतही सही करून देईन. लोक ऑफिसात येऊन रडायचे, बाई, दोन मिनिटांसाठी बाहेर गेलो होतो. मी चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, दोन मिनिटं पुष्कळ असतात.

बाल्कनी म्हणजे सात फूट बाय तीन. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी, तिला लोखंडी गज. खिडकीतून सगळं दिसत होतं. निळी ज्योत, कुकर, मिठाची बरणी आणि ओट्याच्या टोकाला माझा फोन. अंगावर गाऊन, डोक्याला तेल थापलेलं, पायात काही नाही. तिसरा मजला, खाली कोणी नाही. उत्तरायणाच्या दिवशी आमच्या निजामपुऱ्यात माणसं जमिनीवर राहतच नाहीत. सकाळी सातला सगळे धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, चढतात ते अंधार पडल्यावर उतरतात.

माझ्याच डोक्यावर, आमच्या धाब्यावर, स्पीकर लावलेला होता. गेल्या वर्षी मी त्याच्याबद्दल चेअरमनकडे लेखी तक्रार केली होती. तेव्हा एक होता, यंदा दोन आहेत. कुकरची शिट्टी मला ऐकू आली नाही, दिसली. वजन उडालं, वाफेचा फवारा आला, एक झाली. माझी खिचडी तीन शिट्ट्यांची. एका माणसाच्या खिचडीत पाणी ते किती असणार?

तुम्ही म्हणाल, मग ओरडायचं की. ओरडायला काय हरकत होती ते सांगते.

एकोणीस वर्षं, म्हणजे आई गेल्यापासून, मी इथं एकटी राहते आणि मला ते आवडतं. साडेसहाला जेवते. चांगले कप पाहुण्यांसाठी न ठेवता स्वतः वापरते. पेपर वाचताना मोठ्यानं संपादकांची हजेरी घेते आणि कोणी ‘हळू’ म्हणत नाही. डिसेंबरात एकदा दूध उतू गेलं, भांडं जळलं, घरात धूर झाला. मी बाथरूममध्ये होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या पूर्वी जाधवनं धूर बघितला, धावत आली, इथपर्यंत ठीक. पण तिनं माझ्या फोनवरून कुशलला फोन लावला. कुशल माझा भाचा, भावाचा मुलगा, पुण्याला असतो. भाऊ गेल्यापासून रक्ताचं म्हणून त्याला एक मी आणि मला एक तो. तो त्याच दिवशी गाडी काढून आला. ओरडला नाही. ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. तो हळूच म्हणाला, “आत्या, परत एकदा असं काही झालं ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही. सामान भरून पुण्याला नेईन.” आणि मी वेडी ‘बरं’ म्हणून बसले.

पुण्याच्या त्याच्या घरात ‘आत्याची खोली’ तयार आहे. दिवाळीत मी बघून आले. स्वच्छ आहे, हवेशीर आहे, भिंतीचा रंगसुद्धा मला विचारून दिलाय. त्या खोलीला आतून कडी नाही. ‘तुझ्या सोयीसाठी,’ असं सूनबाई म्हणाली.

तर आता ओरडले, की पूर्वी येणार. पूर्वी आली, की कुशलला कळणार. त्या दोघांनी नंबरसुद्धा घेऊन ठेवलेत एकमेकांचे. ओरडले नाही तर घर पेटणार. विचार करायला मला तीन शिट्ट्यांचा वेळ होता आणि तेवढ्यात दुसरी झाली.

कपडे वाळत घालायची काठी गजांतून आत घातली. गॅसचं बटण ओट्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. काठी तिथवर पोचायची, पण टेकवली की घसरायची. मिठाची बरणी मात्र पहिल्याच फटक्यात खाली गेली. नेम धरून धरून दंड भरून आले. तिसरी झाली, चौथी झाली. ओट्यावर फोनचा उजेड लागला. साडेअकरा. कुशलचा रोजचा फोन, ऑफिसातल्या चहाच्या वेळेचा. दोनदा उचलला नाही, तर तो पूर्वीला लावतो, असा नियम त्यानंच केला आहे. उजेड विझला आणि पुन्हा लागला.

तेव्हा मला रडू आलं. भीतीनं आलं असं नाही, रागानं आलं. एवढी वर्षं सगळं नीट केलं, वीज बिल, पाणी, गुडघा, मोतीबिंदू, कोणाला म्हणून त्रास दिला नाही, आणि शेवटी माझ्याच घरानं मला बाहेर काढून कडी लावली.

डोळे पुसले आणि समोर बघितलं. गल्लीपलीकडच्या धाब्यावर पूर्वी उभी होती, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, हातात फिरकी. तिचा नवरा हार्दिक पतंग उडवत होता. मग मात्र मी सगळं सोडलं. दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

पूर्वीनं बघितलं. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तिनंही दोन्ही हात हलवले. शेजारच्या बायकांना कोपरानं ढोसून दाखवलं, बघा, नीरामावशी! सगळ्या जणी मला हात हलवू लागल्या. ओठांवरून कळत होतं, ‘हॅप्पी उत्तरायण’ म्हणताहेत. जी बाई कधी मान वर करून बघत नाही, ती आज हात हलवतेय, म्हणजे केवढी बातमी! मी ओरडले, “दार लागलंय!” वरच्या दोन स्पीकरांनी ते गिळलं. मी हातानं किल्ली फिरवल्याची खूण केली, पुन्हा पुन्हा केली. पूर्वी हसली आणि तिनं हातातली फिरकी उंच धरून मला दाखवली. तिला वाटलं, मला फिरकी धरायची आहे! ‘वर या,’ अशी तिनं खूण केली आणि पुन्हा आकाशात बघू लागली.

मी हात खाली घेतले. लोक मला बघत होते आणि खूष होत होते. यापेक्षा कोणी बघितलं नसतं तर बरं, असं वाटलं.

वजन आता उडत नव्हतं. कुकरमधून वेगळाच वास यायला लागला. तो वास मी ओळखते. करजणच्या एका खानावळीच्या दाव्यात मी दोन दिवस त्या वासात उभी होते.

हार्दिकचा पेच लागला होता. तो भराभर ढील देत होता, पतंग लांब सरकत होता आणि दोरी गल्लीत झोल खाऊन माझ्या बाल्कनीसमोरून हातभर अंतरावर आली. मी बडोद्याची मुलगी आहे. घडियाळी पोळात लहानपणी फिरक्या धरूनच मोठी झाले. या दिवशी शेजाऱ्याचं घर पेटलं तर लोकांना तासानं कळेल, पण पेचात असलेल्या पतंगाला कोणी हात लावला, तर सगळा धाबा त्याच क्षणी वळतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी काठी पुढे केली, दोरी अडकवली, तळहाताला एक वेढा दिला आणि ताकद लावून ओढली.

पतंग गेला. माझा तळहात करंगळीपासून अंगठ्यापर्यंत चिरला. समोरचा पतंग कोणाचा होता देव जाणे, कुठल्या तरी धाब्यावर ‘काप्यो छे!’ झालं असणार. हार्दिकनं दोरी कुठं अडली ते शोधत खाली बघितलं. रागानं लाल झाला होता. त्याच्या मागोमाग सगळे कठड्यापाशी आले. मी रक्ताचा हात वर केला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. तिथून आता धूर येत होता.

पूर्वीचा चष्मा खाली पडलेला मी बघितला. ती धावत सुटली, हार्दिक तिच्या मागे. चार मिनिटांनी आमच्या बाहेरच्या दारावर धक्के बसायला लागले. कुलूप तुटलं, हार्दिक आत आला, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, मग बाल्कनीची कडी काढली. मी गाऊन सावरत माझ्याच घरात पाहुण्यासारखी आत गेले.

“मावशी, किती वेळ होता तुम्ही तिथं?” पूर्वी माझा हात नळाखाली धरत म्हणाली. “मला तर वाटलं, तुम्ही मजा करताय ने!”

“हो, खूप मजा केली,” मी म्हटलं.

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी या बाईला महिनाभर मनातल्या मनात चुगलखोर म्हणत होते. आता तिनं माझ्या हाताला स्वतःची ओढणी गुंडाळली आणि मला स्टुलावर बसवलं. कुकरचं बूड काळं झालं होतं, खिचडीचा कोळसा. भिंतीवर छतापर्यंत काजळी. बाहेरचं दार बिजागरीवर लोंबत होतं. हार्दिक ते उचलून लावायच्या खटपटीत होता आणि “हुं कारीगर मोकलुं छुं, सांजे थई जशे,” असं म्हणत होता, म्हणजे कारीगर पाठवतो, संध्याकाळी होऊन जाईल.

तेवढ्यात पूर्वीचा फोन वाजला, धाब्यावरच्या गोंगाटात आधी ऐकू आला नसणार. तिनं बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. कुशल.

माझं तोंड कसं झालं असेल, ते तिलाच ठाऊक. जीव जाताना माणूस जसं बघतं तसं मी बघितलं असणार. तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि आवाज एकदम खुशीत काढला.

“कुशलभाई, हॅप्पी संक्रांत! मावशी ने? अहो, त्या तर आमच्यासोबत धाब्यावर आहेत! फोन घरी ठेवून आल्या. हार्दिकचा पतंग कापला त्यांनी आत्ता, खोटं नाही सांगत!”

पलीकडे कुशल हसला. लहानपणी हसायचा तसा, श्वास अडकेपर्यंत. “आत्या? धाब्यावर? दे, दे तिला.”

पूर्वीनं फोन माझ्यासमोर धरला. वरच्या गाण्यानं घर दणाणत होतं, त्यामुळे धाब्यावर असल्यासारखंच वाटत असेल त्याला.

“आत्या, काय ऐकतोय मी!”

“खरं आहे ते,” मी म्हटलं. घसा धुरानं बसला होता.

“तुझा आवाजसुद्धा बसलाय ओरडून! मस्त. कित्ती बरं वाटलं म्हणून सांगू. दोनदा फोन उचलला नाहीस तेव्हा छातीत धस्स झालं होतं. आता सांगूनच टाकतो. मी रविवारी येणार होतो. तुला न सांगता. चार दिवस सुट्टी टाकली होती. न्यायला नाही गं, नुसतं राहायला. तुझ्याबरोबर जरा बसावं, तू एकटी कशी असतेस ते बघावं, असं मनात होतं. पण तू तर माझ्यापेक्षा मजेत आहेस. उगाच तुझ्या मध्ये कशाला येऊ? तिकीट रद्द करतो.”

मी काळ्या भिंतीकडे बघितलं. मग दाराकडे. रविवारपर्यंत दार होईल, पण भिंत होणार नाही, हातही होणार नाही. तो आला की पहिल्यांदा माझा हातच धरणार. आणि मला तो यायला हवा होता. आयुष्यात मला कोणी इतकं यायला हवं नव्हतं. चार दिवस. समोर बसून त्याला जेवताना बघितलं असतं.

पूर्वी अंगठा वर करून मला खुणावत होती, वाचलात, मावशी, वाचलात.

“आत्या? करू ना रद्द?”

“कर,” मी म्हटलं.