मांडव जिजाबाईकडं

मालेगावच्या बाजारात जिजाबाईच्या दुधीला कोणी नावं ठेवून दाखवावीत! भाजी पिकवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगत फिरायची. श्रावण लागला तेव्हा तिची भाडेकरीण, दवाखान्यातली रिबेका सिस्टर, म्हणाली, "ताई, सुक्कोतला ठाण्याहून पप्पा येताहेत. आम्ही बेने इस्राएल ज्यू लोक त्या सणाला अंगणात पानाफांद्यांच्या छपराखाली बसून जेवतो. पप्पांचं अठ्ठ्याहत्तर वर्षांत एकदाही चुकलेलं नाही."

जिजाबाईनं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "मांडव माह्याकडं लागला!"

तिनं त्याच दिवशी अंगणात दुधीचं बी टोचलं, वेल मांडवावर चढवला, पोटच्या लेकरासारखा जपला.

कोजागिरीच्या दुपारी रिबेकाचे पप्पा, एलियाजी, काठी टेकत मांडवाखाली आले. डोक्यावर हिरवंगार छप्पर, हाताशी कोवळे दुधी. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"सुरेख! पण बाई, मला इथं बसता येणार नाही."

"काहून?"

"छपराची पानं जमिनीपासून तोडलेली लागतात. हा वेल तर मुळावर जिवंत आहे."

जिजाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नेम मोडणार, तोही तिच्या अंगणात, तिच्याच शहाणपणामुळे! ती घरात गेली, विळा घेऊन आली आणि वेलाच्या बुडाशी बसली. मन घट्ट करून विळा उचलला, तोच एलियाजींनी तिचं मनगट धरलं.

"माझ्या सणापायी भरल्या वेलावर विळा नको. चुकलं एखादं वर्ष तर चुकलं."

"माह्या अंगणात नाही चुकत!" तिनं विळा फेकला. "किती वेळ हाये आपल्यापाशी?"

"सूर्य मावळेपर्यंत."

मग काय विचारता! बागाईतवाल्यांना राखणीचं खोपटं उभं करायला सुतार लागत नाही. तिच्या नवऱ्यानं, शालिकरामनं, वेलापासून दूर उघड्यावर चार मेढी रोवल्या. पोरगा मुकेश मोटरसायकलवर शेतातून तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे, भारे आणि नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या घेऊन आला. सून तनुजानं लुगड्यांच्या भिंती बांधल्या. "कोजागिरीले खोपटं कायले?" म्हणत शेजारचा जगदेव आला, आणि उत्तराची वाट न बघता सुतळी ओढायला लागला. जिजाबाई साऱ्यांवर ओरडत होती आणि दर घडीला सूर्याकडे बघत होती.

सूर्य बाभळीला टेकला तेव्हा शेवटचा भारा वर चढला. शालिकराम ओशाळून म्हणाला, "बाबा, घाईत फटी राह्यल्या. वरून आभाळ दिसून राह्यलं."

एलियाजी वाकून आत शिरले, बसले आणि वर बघून लहान पोरासारखे हसले.

"अहो, चांदण्या दिसायलाच हव्यात! तसा नेमच आहे."

रिबेकानं दिवे लावले. अंधार पडला तसं एलियाजींनी मनुकांच्या शरबताचा पेला उचलून सणाची प्रार्थना म्हटली. त्यांच्या महिन्याची पंधरावी तिथी आणि आपली कोजागिरी, एकच पुनव! चंद्र वर आला, तुराट्यांमधून उजेड सांडला, आणि तनुजानं बदामाचं दूध सगळ्यांच्या हाती दिलं.

"एकोणऐंशी झाली, बाई," एलियाजी म्हणाले.

जिजाबाईला आनंद आवरेना. तिनं पदर खोचला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग! मांडव माह्याकडं होता!"