हेस्टर हलली

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिन्स अल्बर्ट गावात वेनंड लोम्बार्डची एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण ती त्याने सगळ्यांना दहा-दहा वेळा ऐकवली होती. शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात ब्राय पेटायचा. निखाऱ्यांवर मेंढीच्या बरगड्या चरचरायला लागल्या की कुणीतरी हमखास कळ काढायचं, "काय रे वेनंड, मोटरसायकल का विकलीस?" की झाला हा सुरू. "अरे, स्वार्टबर्गचा घाट उतरत होतो. तिसऱ्या वळणावर ही एवढी वाळू. मी गाडी अगदी अलगद काढत होतो, आणि तेवढ्यात हेस्टर हलली!" मग गाडी कशी आडवी झाली ते हाताने दाखवायचा. लोक पोट धरून हसायचे. हेस्टरही हसायची, आणि सॅलडचं भांडं भरून आणायला म्हणून आत जायची.

त्या दिवशी तिचा उजवा घोटा मोडला होता. हेस्टर चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, आणि ऑर्गनचे खालचे सूर पायाने वाजतात. चार महिने गावाने अर्ध्याच सुरात देवाचं नाव घेतलं. पाय बरा झाला, पण बाईने कानाला खडा लावला: पुन्हा मागच्या सीटवर बसणार नाही. भांडण नाही, अबोला नाही, फक्त नाही. वेनंडने रागारागात गाडी विकून टाकली, आणि मग आठ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघून उसासे टाकत बसला.

तसा माणूस वाईट नव्हता. गावोगावच्या शेतांवर पवनचक्क्यांचे पंप दुरुस्त करायचा, उंच, सडपातळ, हाताला गुण. फक्त चूक कबूल करायची वेळ आली की त्याला नेमकं काहीतरी दुसरं काम आठवायचं.

यंदा ऑक्टोबरात त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. लग्नानंतर आठ दिवसांनी दोघं एका जुन्या खटारा मोटरसायकलवरून खडीच्या रस्त्याने तोच घाट ओलांडून गेले होते, सोबत उकडलेली अंडी, रस्क आणि कॉफीचा थर्मास घेऊन. वेनंडला पुन्हा तसंच जायचं होतं. खरं सांगायचं तर त्याला घाटाचं एवढं काही नव्हतं. मागे बसणाऱ्याने आधी विचारायचं, पुढच्याने पाय रोवून 'हो' म्हणायचं आणि मगच मागच्याने पाय टाकायचा, असा नियम असतो. बत्तीस वर्षं हेस्टर त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून विचारायची, "चढू का?" ते दोन शब्द आठ वर्षांत त्याने ऐकले नव्हते, आणि त्यांच्यावाचून त्याचा जीव तुटत होता. पण हे तो तिला कसं सांगणार?

त्याने फुलं आणून पाहिली, नकाशा पसरून पाहिला. हेस्टर ढिम्म. आणि ऑगस्टमधल्या एका दुपारी मटार सोलता सोलता ती आपणहून म्हणाली, "येईन मी. पण गाडी मी निवडणार."

वेनंडच्या हातातला मटार टेबलाखाली गेला. "तू? तुला गाडीतलं काय कळतं गं?"

"मागच्या सीटमधलं कळतं. बत्तीस वर्षं तिथंच होते मी."

मग सुरू झाली शोधाशोध. वेनंडच्या डोक्यात बाराशे सीसीचं एक धूड बसलं होतं, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, पुढे उंच काच. तसलंच एक जॉर्जच्या दुकानात वापरलेलं मिळत होतं. विक्रेता वेनंडलाच सगळं सांगत होता, इंजिन असं, सस्पेन्शन तसं. हेस्टरने विचारलं, "मी कशी चढू?" तर त्याने आतून एक स्टूल आणून दिलं. 

"आणि घाटात उतरले तर?" ती म्हणाली. "स्टूल पाठीला बांधून फिरू का?"

दुसरी गाडी बोफर्ट वेस्टला, एका दंतवैद्याकडे. साठ हजार किलोमीटर पळालेली, पण ठेवलेली झकास. वेनंडने वाकून साखळी पाहिली, चाकाच्या तारा बोटाने वाजवून पाहिल्या, तेल हुंगलं, आणि खूश झाला. हेस्टरने नुसती मागची सीट पाहिली. पुढची चांगलीच दबलेली, मागची मात्र नवीकोरी. पाय ठेवायच्या रबरांवर एक ओरखडाही नव्हता.

"बघ की, मागची सीट कशी नव्यासारखी आहे!" वेनंड म्हणाला.

"तेच तर," ती पिकअपमध्ये बसत म्हणाली. "साठ हजार किलोमीटर, आणि एकही बाई मागे बसायला तयार नाही. खोट गाडीत असेल नाहीतर डॉक्टरात. मला दोन्हीची परीक्षा घ्यायची नाही."

वेनंडने हात टेकले. घरी येईपर्यंत हेस्टर खिडकीबाहेर बघत स्तोत्र गुणगुणत होती.

तिसरी गाडी क्लारस्ट्रूमच्या पुढे एका शेतावर होती. सप्टेंबरचं ऊन, बांधाबांधावर पिवळी-केशरी रानफुलं. ओसरीवर एक चांगलाच ऐसपैस म्हातारा आरामखुर्चीत कोडं सोडवत बसला होता. "या, या," तो बसल्या बसल्याच म्हणाला. "मी ओकर्ट. उठत नाही, गुडघे संपावर आहेत. गाडी गोठ्यात आहे, आणि गाडीची मालकीण गाडीखाली आहे."

गोठ्यात खरोखरच गाडीखालून दोन बूट बाहेर आले होते. बुटांमागून एक ठेंगणी, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई निघाली, हाताला काळं तेल. ही ड्रिना. गाडी तिने चालवायची आणि ओकर्टने मागे बसायचं, असा त्यांचा एकोणीस वर्षांचा संसार. आता ओकर्टचे गुडघे मागच्या सीटवर बसण्याइतके वाकत नव्हते, म्हणून गाडी विकायची.

साडेसहाशे सीसीची ती गाडी पाहून वेनंडचा चेहरा उतरला. ड्रिनाच्या उंचीला बेतून खाली केलेली, टाकीवर पोचा, रंग उन्हाने विटलेला. तिच्यावर बसला तर त्याचे गुडघे कानाला लागले असते. "टान्नी ड्रिना," तो अदबीने म्हणाला, इकडे वडीलधाऱ्या बाईला टान्नी म्हणजे मावशीच म्हणतात, "गाडी छानच आहे हो, पण जरा लहान..."

हेस्टर तोवर मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसली होती. मागची रबरं झिजून गुळगुळीत झाली होती. सीट दोनदा शिवलेली, मधोमध खोलगट. दोन्ही बाजूंच्या पकडायच्या दांड्या हात लागून लागून चमकत होत्या. तिने त्या खळग्यावरून तळवा फिरवला.

"इथे कुणीतरी सुखाने बसलंय," ती म्हणाली.

"मी!" ओसरीवरून ओकर्ट ओरडला. "झोपायचोसुद्धा!"

हेस्टरने पाय उचलला आणि स्टूलबिल काही न लागता मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडी उभी, स्टँडवर, पुढे कुणी नाही. पण बसली. वेनंड सगळं इंजिन-बिंजिन विसरून गेला.

"घेतो आम्ही," तो म्हणाला.

"थांब जरा," ड्रिना चिंधीला हात पुसत म्हणाली. "माझी एक अट आहे. जो चालवणार, त्याने आधी माझ्या मागे बसून पत्रा ओलांडायचा. मग व्यवहार." इकडे खडीच्या रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन आडव्या लाटा पडतात, त्या रस्त्याला पत्राच म्हणतात. दातांत भरलेलं सिमेंट निखळतं त्याच्यावर.

"मी? मागे?" वेनंड हसला. "टान्नी, मी बत्तीस वर्षं गाडी चालवलीय."

"म्हणूनच."

हेस्टर खाली उतरली आणि वाटेतून बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की वेनंडला नाही म्हणता येईना.

ड्रिनाने गाडी चालू केली. वेनंडने आपली लांबलचक तंगडी सरळ फेकली आणि गाडी अशी कलंडली की दोघंही शेणात जायची. "अरे ए ताडमाडा!" ड्रिना खेकसली. "विचारायचं असतं आधी! तुझ्या बायकोने काहीच शिकवलं नाही का तुला?"

वेनंडचे कान लाल झाले. "चढू का?" त्याने खालमानेने विचारलं.

"चढ आता."

आणि गेले. सीटच्या खळग्यात वेनंड इतका खाली रुतला की पुढे काय येतंय ते त्याला दिसेना. दिसत होतं ते फक्त पिवळं हेल्मेट. वळण आलं की ते आल्यावर कळायचं. पत्र्यावर हाडं खिळखिळी झाली. हँडलवर त्याचे हात असते तर त्याने गॅस वाढवून गाडी लाटांवरून तरंगत नेली असती, पण त्याच्या हातात होत्या नुसत्या दोन दांड्या. सगळं दुसऱ्याच्या हाती. माणूस जीव मुठीत धरून बसतो म्हणजे काय, ते त्याला एकसष्टाव्या वर्षी समजलं.

परतताना वाळूच्या वळणावर एक कासव रस्ता ओलांडत होतं. घाई नव्हती त्याला. ड्रिनाने ब्रेक दाबला, तोही हळू. पण वेनंडला ते कळायच्या आतच तो सगळाच्या सगळा पुढे घसरला, हेल्मेटवर हेल्मेट आपटलं, पुढचं चाक वाळूत डावीउजवीकडे डुललं, आणि म्हातारीने दोन्ही पाय टेकून कशीबशी गाडी सावरली. कासव निघून गेलं.

ओसरीपाशी हेस्टर आणि ओकर्ट कॉफी घेत बसले होते. ड्रिनाने हेल्मेट काढलं ते तणतणतच. "बाई गं, तुझा नवरा म्हणजे बटाट्याचं पोतं! ऐन वाळूत हलला! घालवलीच होती गाडी!"

"मी हललो?" वेनंडचा आवाज चढला. "मी कशाला हलेन? तुम्ही ब्रेक दाबलात म्हणून हललो! मागच्याला काय दिसतं हो? पुढच्याने ब्रेक दाबला की मागचा पुढे येणारच! त्यात मागच्याचा काय दोष?"

आणि बोलता बोलता त्याला आपलेच शब्द ऐकू आले.

ओकर्टने पेन्सिल खाली ठेवली. हेस्टरने रस्क कॉफीत बुडवलेला होता, तो तसाच राहिला आणि विरघळून कपात पडला.

वेनंडने हेल्मेट काढलं. केस चिकटलेले, चेहरा पांढराफटक. या वेळी त्याला दुसरं कुठलंही काम आठवलं नाही. तो पायरीवर येऊन बसला, हेस्टरच्या पायाशी.

"हेस्टर. त्या दिवशी मी पुढचा ब्रेक दाबला होता. वाळूत. घाबरून."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. तुझ्या खांद्यावरून तुझी बोटं दिसत होती मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. दवाखान्यात. तू म्हणालास, गुंगीत बडबडतेयस. मग म्हटलं, याला स्वतःहून कळू दे." ती कपातला चिखल चमच्याने ढवळत राहिली. "मला पडण्याची भीती नव्हती रे. पडतो माणूस. पण दर शनिवारी मला पुन्हा पाडायचास तू, आणि लोक हसायचे."

वेनंडचे डोळे भरून आले. त्याने तिच्या उजव्या घोट्यावर हात ठेवला. "चुकलो मी," तो म्हणाला, पहिल्यांदा हळू आणि मग नीट ऐकू जाईल असं. ड्रिनाला यातलं निम्मं समजलं नव्हतं, पण तिने आपलं नाक पुसलं आणि सगळ्यांना आणखी कॉफी ओतली.

"शनिवारी ब्राय कुणाकडे आहे?" हेस्टरने विचारलं.

"आपल्याकडेच."

"मग तिथे सांगायचं. सगळ्यांसमोर. पाद्रीबाबांसमोरसुद्धा. आणि हातवारे करून."

"हातवारे करून," वेनंड म्हणाला.

व्यवहार पाच मिनिटांत आटोपला. पिकअप उद्या नेऊ, असं ठरलं. ओकर्टने आपलं हेल्मेट हेस्टरला दिलं, ते तिला जरा सैल होत होतं. वेनंड गाडीवर बसला, गुडघे खरोखरच कानाशी, आणि ओकर्ट हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. वेनंडला त्याचं काही वाटलं नाही. त्याने दोन्ही पाय रोवले, गाडी सरळ धरली आणि समोर फाटकाकडे बघत थांबला.

डाव्या खांद्यावर हात आला.

"चढू का?"

त्याने नुसती मान हलवली.

"ऐकू नाही आलं," हेस्टर म्हणाली.

"चढ गं बाई," तो म्हणाला. "चढ."