मास्तरांची डावी दाढ

कोट शिवणाऱ्या मास्तरांच्या डाव्या गालात कायम लिंबाची गोळी असायची. सकाळी कात्री हातात घेतल्यापासून संध्याकाळी इस्त्री थंड होईपर्यंत एक विरघळली की दुसरी. "हिच्यामुळे काजं सरळ होतात," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. काजं खरोखरच सरळ असत, त्यामुळे कोणी वाद घालत नसे.

वाद घालायची ती एकटी मेहुणी. ती दातांची डॉक्टर, आणि तिचा दवाखाना दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर.

"भाऊजी, गोड खाण्याला माझी ना नाही," ती जिन्यावरून उतरताना म्हणायची. "एकदा काय ते खा आणि चूळ भरा. दिवसभर तोंडात साखर ठेवलीत तर जंतूही दिवसभर आम्ल करत बसतात. दाताला सावरायला उसंत नको?"

"डॉक्टरीणबाई, गिऱ्हाईक शोधायला घरातच निघालात का?" असं म्हणून मास्तर गोळी या गालातून त्या गालात न्यायचे आणि परत आणायचे.

दाढेवरचा काळा ठिपका पहिल्यांदा बायकोला दिसला, ते जांभई देत असताना.

"अहो, दाढेला काळं काय लागलंय?"

"दोरा असेल."

दोरा तीन दिवसांनीही निघाला नाही. मग गार पाण्याने कळ यायला लागली. मास्तर मान उजवीकडे कलती करून पाणी प्यायला लागले, पुढे जेवायलाही तसेच. मग दाढ ठणकायला लागली, तेव्हा त्यांनी तिथे लवंग धरली. दुकानात लवंगेचा वास, कापडाला लवंगेचा वास. एक निवृत्त न्यायाधीश कोटाचं माप द्यायला आले होते, तेही नाक फेंदारून म्हणाले, "मास्तर, कापड मसाल्याच्या डब्यात ठेवता काय?"

आणि एके सकाळी दुखणं एकदम थांबलं. मास्तर दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

"दाढ सुतासारखी सरळ आली! ना सुई, ना चिमटा."

मेहुणीने गार पाण्याचा पेला पुढे केला. "डावीकडे धरा. कळ येते?"

"अजिबात नाही."

"मग आतली नस मेली, भाऊजी. कीड थांबलेली नाही, ती कळवणारं कोणी उरलं नाही एवढंच. आत्ता बसा खुर्चीत. मुळं साफ केली तर दाढ अजून वाचेल."

मास्तरांना ते पटलं नाही. जी दाढ दुखत होती तेव्हा दाखवली नाही, ती गप्प झाल्यावर दाखवायची? ते हसत हसत खाली आले आणि त्यांनी नवी गोळी तोंडात टाकली.

दोन महिने मजेत गेले. न्यायाधीशांच्या कोटाची शेवटची ट्रायल होती. मास्तर गुडघ्यावर बसून खालची पट्टी बघत होते, तोच तोंडात कडकन आवाज झाला.

"काही नाही, गोळी फुटली," ते म्हणाले आणि त्यांनी तळहातावर गोळी काढली. गोळी अख्खी होती. शेजारी पिवळट काळा एक तुकडा होता.

न्यायाधीशांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं. "मास्तर, हे बटण तर दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाल टम्म फुगला होता. बायको अर्धवट झोपेतच म्हणाली, "अहो, उठल्या उठल्या तरी गोळी नको!"

"गोळी नाहीये," मास्तर कण्हत म्हणाले.

या वेळी ते एकेक पायरी चढले. मेहुणीने फोटो काढला. मुळाशी पू झाला होता आणि दाढ हिरडीच्या आतपर्यंत चिरली होती. "ही नाही वाचायची," ती हळूच म्हणाली. लगेच औषधांची चिठ्ठी लिहायला बसली. मास्तर बोलणी खायच्या तयारीने बसले होते, ती न मिळाल्याने त्यांना फारच वाईट वाटलं.

औषधाने सूज उतरली आणि चौथ्या दिवशी दाढ निघाली. मास्तरांनी ती बघायला मागितली. वरून मोहरीएवढं भोक, आणि तुटलेल्या बाजूने पाहिलं तर आतला सगळा भाग पोखरलेला.

"कसर लागलेल्या कोटासारखं," ते बधिर तोंडाने पुटपुटले. "वरून धडधाकट, उघडून बघावं तर अस्तर खाऊन साफ."

"शेजारच्या दाढेलाही लागली आहे, पण वरवर. ती भरता येईल. कधी येताय?"

"उद्या. दवाखाना उघडायच्या आधी."

गोळ्या सुटल्या. पहिला आठवडा मास्तरांची चिडचिड झाली, पण काजं सरळच आली, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मात्र आता त्यांना दुसऱ्यांच्या दातांची काळजी लागली. एका रविवारी ते बायकोला हाताला धरून वर घेऊन गेले.

"मला काही होत नाहीये," ती म्हणत होती.

"तसंच असतं ते. बस."

मेहुणीने बहिणीचं तोंड उघडून आरशाने कानाकोपरा तपासला आणि दिवा बंद केला. "ताई, छान आहेत गं. एकालाही कीड नाही."

बायको खुर्चीतून ऐटीत उतरली. मास्तरांचा चेहरा पडला.

"घाई नको," ते मेहुणीला म्हणाले. "मागच्या बाजूला जरा नीट बघ. एखादी तरी असेल."