नत्थूजींची तिसरी परीक्षा

बेसा गावातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवा प्रशिक्षक घ्यायचा तर स्कूल चालवणारी माया मेश्राम आधी त्याची परीक्षा घेई. परीक्षा गाडी चालवण्याची नव्हे, शिकवण्याची. माया शिकाऊ बनून स्टिअरिंगवर बसे, मुद्दाम चुका करी. शेजारच्या उमेदवारानं त्या बोलून सुधारायच्या. संधी तीनच.

नत्थूजींची ही तिसरी. कळमेश्वरच्या एका कारखान्याची बस त्यांनी बावीस वर्षं चालवली. कारखाना बंद पडला तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. दोनदा नापास झाल्यावर मायानंच त्यांना काय बोलायचं ते वहीत लिहून दिलं. महिनाभर ते बायकोला, पंचफुलाला, वाचून दाखवत होते. आज गाडीत बसण्याआधी त्यांनी सगळं न अडखळता म्हटलं.

मायानं क्लच एकदम सोडला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

“काहून बंद पडली, सर?”

नत्थूजींचे ओठ हलले. “क्लच... असा, हळू,” म्हणत ते आपल्या बाजूच्या, प्रशिक्षकासाठी बसवलेल्या जादा क्लचवर पाय ठेवून दाखवू लागले.

“हळू म्हणजे किती?”

“पायाले समजते ते.”

पुढच्या वळणावर तिनं गाडी मुद्दाम उजवीकडे जाऊ दिली. समोरून स्कूटी येत होती. नत्थूजी बोललेच नाहीत. त्यांचा हात आला, स्टिअरिंग फिरलं, स्कूटी बाजूनं निघून गेली. काम इतकं सफाईदार झालं, की खऱ्या शिकाऊला आपलं काय चुकलं ते कळलंही नसतं.

मायानं गाडी कडेला घेतली.

“मले कोणी सांगून शिकवलंच नाही, मॅडम,” ते म्हणाले. “मी क्लीनर होतो. चुकलं का उस्ताद डोक्यात लोखंडी पाना मारे. तसंच शिकलो.”

पास व्हायला चार गुण कमी पडत होते. ते वाढवून द्यावेत का, असं तिच्या मनात आलं. मग उद्या यांच्या शेजारी बसणारी, पहिल्यांदाच स्टिअरिंग धरणारी एखादी मुलगी तिच्या डोळ्यांसमोर आली. तिनं होते तेवढेच गुण लिहिले.

नत्थूजींनी गुणांच्या कागदावर न वाचताच सही केली.

“पंचफुलाले काय सांगू?”

तिनं कागद ठेवून गाडी परत स्कूलच्या फाटकात आणली.

“इथं गाड्या धुवायले माणूस लागते का?”

“आहे एक जण,” माया म्हणाली.

ते उतरले. फाटकाबाहेर कोणत्या बाजूला जावं हे न सुचल्यासारखे थोडा वेळ उन्हात उभे राहिले. मायानं पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं.