ओळख न दाखवणारी सिस्टर

“अगो, शेजारची बेला हात करत होती तुला! आंधळी झालीस काय?” वसईच्या भर बाजारात एलिसाने धाकट्या जावेचा दंड धरला.

फेलिशिया चालतच राहिली. “नाय दिसली.”

“नाय दिसली! ढळढळीत समोर उभी होती. ती पलीकडची कार्मिन तुला महाराणी म्हनते, आख्ख्या आळीत. ठाऊक हाय?”

“म्हनू दे.”

आता खरं सांगायचं तर बेला तिला अगदी नीट दिसली होती. आणि ही बाई मुळात अशी नव्हती हो! पूर्वी चर्चमधून घरी पोहोचायला तिला तास लागायचा, इतकी बोलघेवडी. ती आरोग्य केंद्रात नर्स; बदलली ती तिथे एचआयव्हीच्या औषधांचं काम तिच्याकडे आल्यापासून. आधी या पेशंटना दर वेळी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांपुढे जावं लागे. कामाचा खाडा पडे, प्रवासात दिवस जाई. मग ठरलं, की ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना घराजवळ सिस्टरनेच बघायचं. वजन, रक्ताचा नमुना, गोळ्या, थोडी विचारपूस. काही वेगळं वाटलं तर डॉक्टरांना फोन. फेलिशिया रीतसर शिकली, आणि अशी शिकली की डॉक्टरच म्हणाले, “सिस्टर, मला बोलवायची वेळ तुम्ही येऊच देत नाही.”

काम जमलं. गोची झाली ती बाजारात. एका पेशंट बाईला तिने सवयीने हाक मारली, “काय गो, बरी हायस ना?” बाईच्या शेजारी सासू. ही सिस्टर तुला कुठून ओळखते, म्हणून सासू हात धुऊन मागे लागली. बाई गोळ्यांना यायचीच थांबली; पुन्हा आली तेव्हा वाळून गेली होती. त्या दिवशी फेलिशिया खूप रडली. नुसत्या पेशंटना ओळख दाखवली नाही, तरी लोक ते हेरणारच. म्हणून तिने ठरवलं, रस्त्यात कुणालाच ओळख दाखवायची नाही. मैत्रीण नाही, शेजारीण नाही. जिचा बोलण्यावर जीव, तिने असा नेम धरायचा म्हणजे चेष्टा नव्हती! पण धरला, आणि का ते घरातसुद्धा सांगितलं नाही.

एके सकाळी मोठ्या इस्पितळातून फोन आला, की तुमच्याच गावची एक पेशंट पाठवतोय. दुपारी दार ढकलून आत आली ती कार्मिन! हे काम फेलिशियाकडे आहे, याची तिला कल्पना नव्हती; खुर्चीत तिला बघितलं मात्र, कार्मिनचा चेहरा पांढराफटक पडला. “बीपी बघायला आलेली... राहू दे,” म्हणत ती आल्या पावली परत गेली. नवरा जाताना हा आजार तिच्या पदरात टाकून गेला होता, आणि मुंबईच्या फेऱ्या मारून तिने गावाला वाससुद्धा लागू दिला नव्हता. त्यात पोरीचं लग्न तोंडावर. आणि गुपित गेलं कुणाच्या हातात, तर जिची आपण चारचौघींत टिंगल केली तिच्या!

फेलिशियाने फोन लावला. “राँग नंबर,” म्हणून कार्मिनने तो कापला. घरी जावं तर नेम धरल्यापासून दोघींचं बोलणं नाही. आळी लगेच कान टवकारणार. आणि तिकडे गोळ्या संपत आलेल्या. औषधात खंड पडला की आजार कसा डोकं वर काढतो, हे फेलिशियाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला घास गोड लागेना.

रविवारी मिस्सा सुटली. चर्चच्या आवारात कार्मिन बायकांच्या घोळक्यात ओठ आवळून उभी होती. तिची नजर आपल्यावर खिळलीय, हे फेलिशियाला कळत होतं. एकदाच थांबावं, हळूच सांगावं, ये गं बाई, अशी नको मरूस. पाय अडखळलेसुद्धा. पण ती रोजच्यासारखी समोर बघत निघून गेली.

“चालली बघा महाराणी!” घोळक्यातली एक म्हणाली. कार्मिन हसली नाही.

सोमवारी ती केंद्रात आली आणि दार लावून उभी राहिली.

“मला वाटलं, काल तरी माझ्याकडं बघशील.”

“बघितलं असतं तर आज आली असतीस?”

कार्मिन खुर्ची ओढून बसली. मग हळूच म्हणाली, “म्हनजे ती बेला... तिलापन तू ओळख दाखवत नायस, ती पन इथं येते?”

“मला कुनाचंच काय ठाऊक नाय. चल, काट्यावर उभी राहा.”

काट्यावर उभ्या उभ्याच कार्मिनला रडू फुटलं. “काय काय बोलले गो मी तुला! आता सगळ्यांना सांगते, ही बाई तशी नाय.”

“खबरदार! कालपर्यंत नावं ठेवलीस, आज गुण गायलीस, तर लोक विचारतील काय झालं. जशी बोलतेस तशीच बोलत राहा.”

“आनि पोरीचं लगीन? तुला सोडून आख्ख्या गावाला बोलवू?”

फेलिशियाचा हात गोळ्यांच्या डबीवर थांबला. ती पोर तिने कडेवर घेऊन फिरवली होती.

“मला नको बोलवूस,” ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी एलिसा नटूनथटून निघाली. “घरातल्या सगळ्यांना आमंत्रन, तुला तेवढं नाय. भोग आता!” ती जाता जाता म्हणाली. थोड्या वेळाने बँड दारावरून गेला. फेलिशिया खिडकीच्या पडद्याआडून बघत होती. नवरी मोठी देखणी दिसत होती, आणि तिच्यामागे कार्मिन, चांगली ठणठणीत, हात वर करून नाचत होती. फेलिशियाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण कार्मिनचा तो नाच बघून तिचं मन भरलंही.

पुढच्या खेपेला कार्मिनने दार लावलं, पिशवीतून लग्नाच्या केकचा तुकडा काढला आणि काही न बोलता फेलिशियाला भरवला. मग गोळ्या पिशवीत तळाशी घातल्या, तोंड पुसलं, आणि अनोळखी बाईसारखी बाहेर पडली.

बाहेर बीपीची, शुगरची, लशीची माणसं एकाच बाकावर बसली होती. पुढच्याला हाक मारायची होती. पण फेलिशियाच्या तोंडात केक होता. तिने टेबलावरची घंटी वाजवली.